पेपर तपासताना मनातला पूर्वग्रह: माइंडफुलनेसनं खरंच काही फरक पडतो का?

खडूफळा

नमस्कार मंडळी, मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, आठवी-नववीला. मध्यंतरी आमच्यासाठी एक कार्यशाळा झाली, विषय होता 'नकळत होणारा भेदभाव'. ट्रेनर ताई चांगल्या होत्या पण शेवटी त्यांनी सांगितलं की गठ्ठा हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष द्या, माइंडफुलनेस करा, म्हणजे मनातला पूर्वग्रह आपोआप कमी होतो आणि त्यावर परदेशात संशोधन झालंय. स्टाफरूममध्ये नंतर यावर भरपूर हशा झाला, एक सर म्हणाले साठ पेपर, दोन दिवसांची मुदत आणि वर आता ध्यान पण करा.

पण मला ते डोक्यातून जात नाहीये. मी नुसतं गंमत म्हणून बघायला लागले की उत्तरपत्रिका उघडताना नक्की काय होतं. तर नाव वाचल्या वाचल्या काहीतरी होतंच. काही नावं आली की खांदे सैल पडतात, मनात येतं "हिचं बरोबरच असणार", आणि काही नावं आली की लाल पेन आधीच घट्ट धरलेलं असतं, अजून एक ओळ वाचलेली नसताना! यात नुसतं हुशार आणि ढ एवढंच नाही हो, अक्षर आहे, आडनाव आहे, वस्ती आहे, पालकसभेला कोणाचे आईवडील येतात आणि कोणाचे येत नाहीत ते पण आहे. आणि तोंडी परीक्षेत तर "आनि", "पानी" ऐकू आलं की माझं अर्धं लक्ष मुलगा काय सांगतोय यावरून उडून तो कसा बोलतोय याच्यावरच जातं.

तर विचारायचं हे की हे असं दिसणं म्हणजेच माइंडफुलनेस का, आणि नुसतं दिसून मार्कांत काही फरक पडतो का? की आपलं मनाचं समाधान? कोणी खरंच करून बघितलंय का, वर्गात, ऑफिसात, कुठेही.

---

आकडेमोड

मी मानसशास्त्रवाला आहे, शिकवत नाही पण पेपर वाचणं (आमचे पेपर, तुमचे नाही 😀) हेच काम आहे, त्यामुळे त्या संशोधनाबद्दल सांगतो.

ट्रेनर बहुतेक 2015 च्या लुएके आणि गिब्सन यांच्या अभ्यासाबद्दल बोलत असणार. अमेरिकेतल्या गोऱ्या कॉलेजविद्यार्थ्यांचे दोन गट केले, एका गटाला दहा मिनिटांचं माइंडफुलनेसचं ऑडिओ ऐकवलं, दुसऱ्याला तेवढ्याच वेळाचं दुसरं काहीतरी साधं ऐकवलं आणि मग दोघांकडून आयएटी ही टेस्ट करून घेतली. ध्यानवाल्या गटात वंशाबद्दलचा आणि म्हाताऱ्या माणसांबद्दलचा नकळत पूर्वग्रह कमी दिसला. त्याच दोन संशोधकांनी नंतर पैसे विश्वासानं दुसऱ्याच्या हाती देण्याचा एक खेळ घेतला, तिथे पण ध्यानवाल्यांनी समोरच्याच्या वंशावरून कमी फरक केला. हे खरं आहे, ट्रेनरनी पदरचं काही सांगितलेलं नाही.

आता आयएटी म्हणजे काय, तर कॉम्प्युटरवर चेहरे आणि शब्द भराभर येतात, तुम्ही दोन बटणं दाबून त्यांची वाटणी करायची. तुमच्या डोक्यात ज्या दोन गोष्टी आधीच चिकटलेल्या आहेत त्या एका बटणावर आल्या की बोट पटकन चालतं, उलट जोडी आली की अडखळतं, आणि हा मिलिसेकंदांचा फरक मोजतात. 1998 साली ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही टेस्ट मांडली. पुढे ती जगभर पोचवण्यात महजरीन बानाजी यांचा मोठा वाटा आहे, त्या मूळच्या सिकंदराबादच्या, पारशी घरातल्या, आता हार्वर्डला प्रोफेसर आहेत. टेस्ट नेटवर फुकट आहे, कोणीही देऊ शकतं.

पण (आणि हा पण मोठा आहे) एकच माणूस आज आणि पुढच्या आठवड्यात ही टेस्ट देतो तेव्हा स्कोअर बराच वरखाली होतो. एका माणसाबद्दल निकाल द्यायला ती फार भरवशाची नाही. दुसरं म्हणजे 2016 मध्ये लाई आणि बरोबरच्या मंडळींनी पूर्वग्रह कमी करण्याचे नऊ उपाय हजारो विद्यार्थ्यांवर तपासले, लगेच बघितलं तर सगळ्यांनी थोडा परिणाम दाखवला आणि काही तासांनी, काही दिवसांनी बघितलं तर काहीच उरलं नव्हतं. तिसरं, 2019 मध्ये फोर्शर वगैरेंनी जवळपास पाचशे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा असं दिसलं की टेस्टवरचा आकडा हलला म्हणून माणसाचं वागणं हलतंच असं नाही.

म्हणजे दहा मिनिटं ऑडिओ ऐकून तुमचा स्कोअर दुपारपर्यंत सुधारेल कदाचित, पण तुमच्या गठ्ठ्यातल्या मुलाचा अर्धा मार्क वाचेल का, याचं उत्तर त्या अभ्यासात नाही.

---

इगतपुरी_रिटर्न

आकडेमोड म्हणतात ते पटलं पण दहा मिनिटांच्या ऑडिओला ध्यान म्हणायचं हेच मुळात जरा जास्त होतंय. मी इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं शिबिर केलंय, नंतर घरी जमेल तसं बसतो (कधी कधी आठवडे जातात न बसता, खोटं कशाला बोलू).

ताई तुम्ही जे लिहिलंय ना, खांदे सैल पडणं आणि पेन घट्ट धरणं, ते वाचून मला तिथे विपश्यना शिकवणाऱ्या गोयंकागुरुजींची प्रवचनंच आठवली. ते मनाचे चार भाग सांगतात. पहिलं विज्ञान, म्हणजे नुसतं कळलं की काहीतरी आलं, आवाज आला, अक्षर दिसलं. दुसरी संज्ञा, ती ओळखते आणि लगेच किंमत लावते, चांगलं की वाईट, आणि ही किंमत ती जुन्या साठ्यातूनच लावते. तिसरी वेदना, म्हणजे त्या किंमतीप्रमाणे अंगावर काहीतरी बरं किंवा नकोसं जाणवणं. आणि चौथा संस्कार, म्हणजे मनानं दिलेली प्रतिक्रिया, जी परत साठ्यात जाऊन बसते. आपल्याला वाटतं आपण मुलाच्या उत्तरावर चिडलो, पण चिडलेलो असतो त्या अंगावरच्या जाणिवेवर, उत्तर तर अजून वाचलेलंच नसतं. विपश्यनेत सगळी मेहनत तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये थांबायला शिकण्याची आहे. संज्ञा बदलायला खूप वर्षं लागतात, मला विचाराल तर माझी अजून जुनीच आहे, पण वेदना लवकर ओळखता यायला लागते.

व्यवहारात मी काय करतो, तर (माझं काम बँकेत कर्जाच्या अर्जांचं आहे) फाइल उघडली की नाकाखाली श्वास, दोन-चार, बस. आणि पोटात किंवा जबड्यात काही आवळलं गेलंय का ते बघायचं. असेल तर मनात म्हणायचं "आहे". घालवायला जायचं नाही, कारण घालवायला गेलं की त्याच्याशीच झटापट सुरू होते आणि मग दुसरं टोक येतं, मी बघा किती न्यायी म्हणून उगाच जास्त देऊन टाकणं, तो पण पूर्वग्रहच की! ती फाइल मी बाजूला ठेवून शेवटी परत बघतो.

बाकी माइंडफुलनेस हा शब्द आता ऑफिसवाल्यांनी फारच स्वस्त केलाय. 1979 ला काबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या हॉस्पिटलात जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी काही आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला तेव्हा त्यात रोज घरी पाऊण तास बसायला सांगायचे. तिथून आपण तीन श्वासांवर आलोय.

---

कोपऱ्यातला_बाक

सगळ्यांचं वाचलं. मला जरा कडवट बोलावं लागेल, ताई तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुम्ही निदान प्रश्न तरी विचारताय.

मी वर्गात कोपऱ्यात बसायचो. घरात पहिलाच शिकणारा. "नकळत" हा शब्द ऐकला की मला हसू येतं कारण नवीन सरांनी पहिल्या दिवशी पूर्ण नाव विचारायचं, आडनाव ऐकून कळलं नाही तर गाव विचारायचं, आणि तरी नाही कळलं तर "वडील काय करतात" विचारायचं, यात नकळत काय आहे? एवढी चौकशी करून काढलेली माहिती नकळत कशी काय? गॅदरिंगला पाहुण्यांना गुच्छ कोण देणार, स्वागतगीतात पुढच्या रांगेत कोण, आणि पाहुणे गेल्यावर सतरंज्या झटकायला कोण, हे कोणाच्या डोक्यात बेशुद्धीत येत नाही. त्याला श्वासाचा व्यायाम हा उपाय नाही, तिथे मुख्याध्यापकांनी नियम करायचा असतो.

2007 मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये आला होता, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंग्रजी पेपरातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी हजारो अर्ज पाठवले, शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फक्त नाव वेगळं, एक सवर्ण हिंदू वाटेल असं, एक दलित, एक मुस्लिम. दलित नावाला पुढच्या टप्प्यावर बोलावलं जाण्याची शक्यता सवर्ण नावाच्या दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाची एक-तृतीयांश. तिकडे कोणी ध्यानाला बसलं असतं तर आकडा किती हलला असता?

माझं म्हणणं साधं आहे. नाव झाका. बोर्डाच्या पेपरला तुम्हाला मुलाचं नाव दिसतं का? नाही ना, बारकोड असतो. मग तेच घटक चाचणीला का नाही? मन साफ होईपर्यंत मुलांनी किती वर्षं थांबायचं.

---

खडूफळा

@कोपऱ्यातला_बाक नाही लावून घेतलं. सतरंज्यांचं वाचून थांबले जरा, कारण आमच्याकडे ती यादी कोण करतं हे मला नीट माहीत आहे.

नाव झाकायचं पटतंय पण एक अडचण आहे. आठवीच्या मुलांचं अक्षर मला जूनपासून पाठ आहे. नाव झाकलं तरी तिसऱ्या ओळीला कळतं कोण आहे ते. आणि तोंडीला काय झाकणार? मूल समोर उभं असतं.

---

जुना_हेडमास्तर

निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, म्हणून लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी पेपराचं. पहिलं पान मागे दुमडायचं आणि गठ्ठा वरून खाली एका दमात तपासायचा नाही, प्रश्नवार तपासायचा. म्हणजे सगळ्या मुलांचा प्रश्न एक, मग गठ्ठा पिसायचा, मग सगळ्यांचा प्रश्न दोन, आणि आधीच्या प्रश्नाचे मार्क दिसणार नाहीत असे मागच्या पानावर लिहायचे. डॅनियल कानेमन, ज्यांना 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी स्वतःबद्दल हे लिहून ठेवलंय की एका मुलाचा पहिला निबंध चांगला वाटला की दुसऱ्या निबंधातल्या संदिग्ध वाक्याचा अर्थ आपण त्याच्या बाजूनं लावतो, म्हणून त्यांनी एकेक प्रश्न सगळ्यांचा तपासायला सुरुवात केली. त्यानंतर काय झालं माहीत आहे का? त्यांचा स्वतःच्या मार्कांवरचा विश्वास कमी झाला, कारण एकाच मुलाच्या दोन उत्तरांत आता फरक दिसायला लागला. आधी जी खात्री वाटत होती ती खोटी होती. हे करून बघा, पहिल्या वेळी फार अस्वस्थ व्हायला होतं.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. 2012 साली हॅना आणि लिंडन या दोघांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, भारतातल्याच मुलांची परीक्षा, भारतातलेच शिक्षक. उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स काढल्या आणि वरच्या पानावर मुलाचं वय, मुलगा की मुलगी, जात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं कुठलंही लावून दिलं. पान तेच, उत्तरं तीच. खालच्या जातीचं पान लागलेल्या पेपरला थोडे कमी मार्क पडले. फरक लहान होता, पण होता. आणि त्यातली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट ही की हा भेदभाव गठ्ठ्याच्या सुरुवातीला तपासलेल्या पेपरांत जास्त होता, पुढे पुढे कमी होत गेला.

का, तर सुरुवातीला तुमचं स्वतःचंच माप बसलेलं नसतं, कुठल्या उत्तराला तीन आणि कुठल्याला चार हे नक्की नसतं, मग मन वरच्या पानाकडे आधार शोधतं. दहा-पंधरा पेपर झाले की उत्तरांचीच एकमेकांशी तुलना सुरू होते आणि वरच्या पानाची गरज संपते. म्हणून माझ्या शाळेत मी नियम केला होता, गठ्ठा संपला की पहिले दहा परत तपासायचे. कटकट झाली, पण केली लोकांनी.

आता ध्यानाचं. आपल्या शाळांमध्ये मित्र उपक्रम आला होता, आनापान, मुलांनी रोज थोडा वेळ श्वास बघायचा. माझ्या शाळेत मुलं बसायची आणि शिक्षक त्या वेळात हजेरीपट पूर्ण करायचे! मी म्हणायचो अहो तुम्ही पण बसा. जे बसले त्यांच्या मार्कांत फरक पडला का हे मी मोजलं नाही, पण वर्गात कोणावर ओरडायचं याच्यात फरक पडलेला डोळ्यांनी दिसला. मार्क देणं हे काम सावकाशीचं आहे, तिथे पद्धत बसवता येते. ओरडणं एका सेकंदात होतं, तिथे नियमाचा कागद काढायला वेळ नसतो, तिथे फक्त सवय कामाला येते. म्हणून मी दोन्हीला वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो.

---

आकडेमोड

@जुना_हेडमास्तर हॅना-लिंडन आणलात हे फार बरं केलंत, त्यात अजून एक गोष्ट होती जी लोक सांगत नाहीत. कमी मार्क देण्यात वरच्या जातीचे शिक्षक पुढे असतील असं आपण धरून चालतो, तिथे ते उलट निघालं, फरक मुख्यतः खालच्या जातीतल्या शिक्षकांच्या मार्कांतून आला होता.

---

कोपऱ्यातला_बाक

@आकडेमोड माहीत आहे मला. आणि आता यावरून "बघा त्यांचेच लोक" असं म्हणणारे येतील, म्हणून आधीच लिहितो. जे वर्षानुवर्षं ऐकलं ते आमच्या पण डोक्यात गेलंय, आम्ही काय हवाबंद डब्यात वाढलो का? उलट यातून हेच दिसतं की "मी भेदभाव करणाऱ्यातला नाही" ही खात्री कोणाच्याच कामाची नाही. नाव झाका, आडनाव कोणाचंही असो, तपासणाऱ्याचं पण.

तरी सरांचं ओरडण्याचं पटलं. त्या एका सेकंदाला माझ्याकडे पण नियम नाही.

---

मुलाखतवाली

मी पुण्यात एका कंपनीत एचआरला आहे, फ्रेशर्सच्या मुलाखती घेते, त्यामुळे खडूफळा ताई तुमच्या तोंडी परीक्षेशी माझं दुखणं एकदम जुळतं, माणूस समोर बसलेला असतो, झाकणार काय!

आमच्याकडे एक लाडका प्रश्न असतो, "टेल मी अबाउट युवर फॅमिली बॅकग्राउंड". सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी 2007 मध्येच भारतातल्या कंपन्यांच्या एचआरवाल्यांशी बोलून लिहिलं होतं की सगळे मेरिट मेरिट म्हणतात आणि त्याच दमात घरच्या पार्श्वभूमीवरून माणसाची पारख करतात. आम्ही तो प्रश्न फॉर्मवरून काढला, तर पॅनलवाले चहाच्या वेळी विचारायला लागले 🤦 म्हणजे नियम हवाच पण नियमाला पळवाट पण लगेच सापडते, आणि ती पळवाट काढताना स्वतःला पकडायचं असेल तर मग ते बघणं लागतंच.

मी काय करते सांगते. प्रश्न सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमानं. प्रत्येक उत्तराला आकडा द्यायच्या आधी एक वाक्य लिहायचं, त्या मुलानं काय सांगितलं ते, त्याच्याच शब्दांत. "कॉन्फिडन्स कमी वाटला" असलं वाक्य चालत नाही, त्यानं काय सांगितलं ते लिही. हे लिहिताना जे थांबायला होतं ना तोच माझा माइंडफुलनेस, डोळे मिटून वगैरे काही नाही. किती तरी वेळा असं होतं की मनात आकडा दोन आलेला असतो आणि वाक्य लिहायला गेलं की कळतं अरे उत्तर तर बरोबर होतं, मला फक्त त्याचं इंग्रजी अडखळलेलं ऐकू आलं. आणि हो, मुलाखती दुपारच्या जेवणानंतर सलग लावू नका, थकलं की मी काहीही बघत नाही, सरळ चेहऱ्यावर निकाल लावते.

ताई, "आनि-पानी"चं एक विचारू? तोंडी परीक्षेत उच्चाराला मार्क आहेत का वेगळे?

---

खडूफळा

@मुलाखतवाली आम्ही शाळेत जो तक्ता वापरतो त्यात "स्पष्ट उच्चार" असा एक रकाना आहे. पण खरं सांगू का, मुलगा "पानी" म्हणाला की तो एक रकाना नाही, सगळेच रकाने खाली येतात. मागच्या आठवड्यात मी तुमच्यासारखंच करून बघितलं, आधी त्याचं वाक्य लिहायचं मग मार्क. एक मुलगा त्याच्या आजीनं दुष्काळात टँकरच्या रांगेत रात्र कशी काढली ते सांगत होता, मी त्याचं वाक्य लिहून घेतलं आणि लिहिताना माझ्या हातानं "पाणी" असंच लिहिलं, आपोआप. वाक्य वाचलं तर वर्गातलं सगळ्यात चांगलं वर्णन होतं ते. कानांनी ऐकताना मी त्याला साधारणमध्येच टाकलं असतं.

आमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं आहे की भाषेच्या परीक्षेत प्रमाण उच्चार बघायचा नाही तर काय बघायचं, आणि त्यात पण तथ्य आहे, पुढे मुलाखतीला हीच मुलं या मुलाखतवाली ताईंसारख्यांसमोर बसणार (ताई तुम्ही नाही, तुमच्या चहावाल्या पॅनलसमोर). म्हणून मी उच्चार सोडून द्यायच्या बाजूची नाही, फक्त त्याचा हिशेब त्याच्याच रकान्यात राहावा एवढंच.

---

जुना_हेडमास्तर

@खडूफळा तर मग क्रम बदला. आशयाचा रकाना आधी भरा, मूल बोलत असतानाच, खाली बघून, चेहऱ्याकडे न बघता. उच्चाराचा रकाना सगळं बोलून झाल्यावर. आणि स्पष्ट उच्चार म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत शब्द ऐकू आला का, एवढंच धरा. न-ण त्यात येत नाही. न-ण शिकवायचा तर वर्षभर वर्गात शिकवा, मार्कांत कापून कोणी शिकलेलं मी बघितलं नाही.

जमलं तर दुसऱ्या तुकडीच्या बाईंना तुमच्या मुलांची तोंडी घ्यायला सांगा आणि त्यांच्या मुलांची तुम्ही घ्या. त्यांना तुमच्या मुलांची जूनपासूनची माहिती नसते. वेळापत्रकात बसवायला मुख्याध्यापक कुरकुर करतील, त्यांना सांगा एकच दिवस लागतो.

---

खडूफळा

तुकड्या बदलायचं सोमवारी विचारते. ब तुकडीच्या बाई तयार होतील, त्यांना पण माझ्या वर्गातले दोघं "फार आगाऊ" वाटतात असं त्या आधीच म्हणून बसल्यात, म्हणजे तिकडे पण माहिती पोचलेली आहेच 😀 शेजारच्या शाळेतल्या कोणाला तरी धरावं लागेल बहुतेक.